पालखी कुठवर आली

खडककोंड, ता. पोलादपूर
१२ ऑगस्ट २०२४

बाबा,

पाया पडते. पत्रातूनच पडते, कारण फोन तुम्ही उचलत नाही. काल तुमच्या खोलीतल्या सुधीरकाकांनी उचलला, तर मागून तुमचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "नाय हाय म्हनून सांग." सुधीरकाका बिचारे तसंच म्हणाले. म्हणून आता पोस्टाने लिहिते. मुंबईत गावची माणसं मिळून राहतात त्या गावकीच्या खोलीवर आलेलं पत्र एकट्याचं नसतं हे मला ठाऊक आहे, तेव्हा खोलीतल्या सगळ्या काकामंडळींनाही नमस्कार. खुशाल वाचा.

तुमचं म्हणणं मला पाठ झालंय. तुम्ही साहेबांना रोज चहा-नाश्ता देता, त्यांच्यापाशी शब्द टाकलात आणि त्यांनी मला महाडच्या कारखान्यात गेटवर चिकटवलं. मी ती नोकरी सोडली आणि साहेब सगळ्या कँटीनसमोर तुम्हाला बोलले. ते मला खरंच लागलं, बाबा. बोलायचंच होतं तर मला बोलायचं. मी दोन शब्द ऐकवले असते.

पण तिथे मी करत काय होते? ट्रक आला की पास फाडायचा, ट्रक गेला की पास परत घ्यायचा. दोन ट्रकच्या मधल्या वेळात मोबाइलवर बघून बघून मी वेबसाइट बनवायला शिकले. क्लास नाही, मास्तर नाही, सर्टिफिकेट नाही. पहिलं पान उघडलं तेव्हा त्यावर नुसतं माझं नाव होतं, निळ्या अक्षरांत. मी वॉचमनकाकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "बरं हाय गो. पन ह्याचं करायचं काय?" तुम्हीही तेच विचारलंत, फक्त जरा मोठ्या आवाजात.

भाताच्या लावणीला आला होतात तेव्हा दारात बॅग घेऊन उभे राहून, माझ्या लॅपटॉपकडे बोट करून जे बोललात, ते आईने आणि मी दोघींनीही ऐकलंय. "त्या डब्ब्यावर पोट भरून दाखव. भरंल त्या दिवशी मी सोता येईन. तवर ह्यो उंबरा चढनार नाय." आणि निघालात. लावणी अर्धी राहिली होती. ती मी आणि आईने पुरी केली, तेवढं कळवते.

अट मला मान्य आहे. तुम्ही शब्दाचे पक्के आहात आणि मीही तुमचीच मुलगी आहे. फक्त एक विचारायचं होतं. शिमग्यालासुद्धा नाही?

तुमची
माधुरी


महाड
२४ नोव्हेंबर २०२४

बाबा,

दिवाळीचा फराळ पोचला असेल. करंज्यांची वेगळी पुरचुंडी तुमची होती, ती खोलीत वाटली गेली नसेल अशी आशा आहे.

माझा धंदा उत्तम चालला आहे. रोज सकाळच्या एसटीने महाडला येते. गौतमी आठवते का, माझ्याबरोबर कॉलेजात होती, लावणीला एकदा आपल्याकडे आली आणि चिखलात बसकण मारली ती? तिचं चवदार तळ्याच्या रस्त्यावर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यात तिने मला एक टेबल दिलंय. भाडं म्हणून गर्दीच्या वेळी मी तिचे फॉर्म भरते.

कामं भरपूर आहेत. दातांचे एक डॉक्टर आहेत, त्यांचं जवळजवळ ठरलंच आहे. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने नमुना बघितला आणि छान म्हणाला. खतवाल्यांशी बोलणं चालू आहे. शिवथरला घळ बघायला येणाऱ्यांसाठी एका घरी राहायची-जेवायची सोय केलीय, त्यांचं तर पान बनवूनही दिलं. त्यांनी मला पिठलं-भाकरी आणि वर दही वाढलं. पोट भरलं, पण हे तुम्ही धरणार नाही, माहीत आहे.

गौतमी उगाचच डोकं खाते. म्हणते, "तू दातांची पण, हॉटेलची पण, खताची पण. लोकांनी तुला कशाची बाई म्हणून लक्षात ठेवायचं?" मी तिला सांगितलं, सुरुवातीला सगळीकडे हात मारावा लागतो. तिने फॉर्मचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

आई बरी आहे. तुम्हाला काही निरोप देऊ का विचारलं, तर म्हणाली, "त्यांस्नी ठाव हाय."

माधुरी


महाड
९ फेब्रुवारी २०२५

बाबा,

मागच्या पत्रात मी थापा मारल्या. तुम्हाला त्या कळल्याच असतील. सुधीरकाकांनी आईला फोनवर सांगितलं, की तुम्ही पत्र वाचलंत, घडी केलीत आणि "कायतरी खोटं हाय ह्याच्यात" म्हणालात.

तर खरं ऐका. डॉक्टरांची वेबसाइट त्यांच्या भाच्याने फुकटात केली. हॉटेलवाला छान म्हणाला आणि पुन्हा ओळख दाखवेना. खतवाला म्हणाला, माझं गिऱ्हाईक शेतकरी, तो वेबसाइट बघून युरिया घेतो का? जानेवारीत तर मी एका दुपारी कारखान्याच्या गेटवर गेले. माझी खुर्ची परत मिळते का विचारायला. खुर्चीत एक मुलगी बसली होती आणि पास फाडत होती. वॉचमनकाकांनी मला पाणी दिलं, दुसरं काही ते देऊ शकत नव्हते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते कुणास ठाऊक. तुम्ही उत्तर देत नाही म्हणूनच बहुतेक.

पण आज पत्र लिहायला घेतलं ते रडगाणं गायला नाही.

परवा दुकानात आंबेकोंडचे मंगेश मोरे आले. त्यांच्या मुंबई मंडळाचे ते खजिनदार, म्हणजे तुमच्यासारखेच मंडळाच्या नावाने जन्म काढणारे. शिमग्याच्या पालखीचं पत्रक झेरॉक्स करायचं होतं. कोणत्या वारी पालखी कोणत्या वाडीत, त्याचं. गठ्ठा निघत होता आणि ते गौतमीपुढे कपाळ धरून सांगत होते, "छापून उपयोग काय? एका दारी पालखी नाचली की तास जातो. कुणाकडे सुतक निघतं, वाडी पुढे-मागे होते. मुंबईचा माणूस एक दिवसाची रजा काढून येतो आणि पालखी आदल्या दिवशीच त्याच्या दारावरून गेलेली असते. मग शिव्या कुणाला? मला. शिमगाभर माझा फोन एकच विचारतो. पालखी कुठवर आली."

बाबा, माझ्या हातातला फॉर्म तसाच राहिला. लहानपणी शिमग्यात तुमचा फोन खालच्या दुकानात यायचा. दुकानदार आईला हाक मारायचा, आई धावत जायची, मी तिच्यामागे. आणि आई कशी आहे हे विचारायच्या आधी तुम्ही विचारायचात, पालखी कुठवर आली. मुंबईत आंबेकोंडची किती घरं असतील, आपली किती असतील, पोलादपूर-महाडच्या एकेका कोंडाची किती असतील. सगळे तेच विचारतात आणि एका माणसाच्या फोनला लटकतात.

मी झेरॉक्सचं बटण बंद केलं. म्हटलं, काका, हे छापू नका. मी तुम्हाला एक पान बनवून देते. पालखी ज्या दारी पोचेल तिथून एकाने बटण दाबायचं, मुंबईत सगळ्यांना त्याच क्षणी दिसेल. मंगेशकाका माझ्याकडे असे बघत राहिले, की गौतमीला हसू आवरेना. मग म्हणाले, "आणि माझा फोन?"

तुमचा फोन बंद ठेवा, म्हटलं. त्यांनी तिथेच होकार दिला. पैसे किती तेही नंतर विचारलं.

दातांचं मी आता कुणाचंच करणार नाही.

माधुरी


महाड
२० मार्च २०२५

बाबा,

आज चवदार तळ्याचा दिवस, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. गौतमी पांढरी साडी नेसून घरच्यांबरोबर तळ्यावर गेलीय. झेरॉक्स बंद आहे, मी दारात पाण्याचा पिंप ठेवून बसलेय. लोक लांबलांबून आलेत, पाणी पितात, बसतात, पुढे जातात. गर्दी जरा ओसरली की लिहिते, असं सकाळपासून चाललंय.

आंबेकोंडची भानगड खोलीपर्यंत पोचली असेलच. लोक चारपट करून सांगतात, म्हणून माझ्याकडून ऐका.

पान सुंदर झालं होतं. वर त्यांच्या गावदेवीचा, सोमजाईचा फोटो, खाली वाड्या, वाडीखाली घरं. आणि घरं लावताना माझ्या हातून काय झालं असेल? मी ती नावाप्रमाणे अकारविल्हे लावली. शोधायला सोपं, एवढाच विचार. शिमग्यात वाढलेली मुलगी मी. पालखी आधी कुणाच्या दारी आणि मागून कुणाच्या, त्यावरच गावाचा मान उभा असतो हे कळायला मला कुणाकडे शिकवणीला जायला नको होतं. पण चार वर्षं कारखान्यात ट्रकवाल्यांची नावं तशीच लावत होते, हात तिकडेच वळला.

तर पानावर सगळ्यांत वर आले उतेकर. उतेकर म्हणजे आंबेकोंडात घरजावई म्हणून आलेलं घर, पालखी त्यांच्याकडे अगदी शेवटी जाते. आणि पहिल्या मानाचे सकपाळ गेले तळाला. मंगेशकाकांनी पान मुंबईच्या ग्रुपवर टाकलं आणि होळीच्या आधीच बोंब सुरू झाली. उतेकरांची सून तर घाबरून माहेरी जायला निघाली होती. गावचे अध्यक्ष जानू सकपाळ, त्यांनी निरोप पाठवला, "आमास्नी तळाला घातलंय, तर देवी पन ऱ्हाऊ दे सहाणेवर. पालखी उठायची नाय."

मंगेशकाका मुंबईहून रात्रीची गाडी धरून आले. तोंड उतरलेलं. मला म्हणाले, "तू येऊ नकोस. मी पाया पडून मिटवतो." मी म्हटलं, चूक माझी, पाया तुम्ही का पडायचं? पण खरं सांगते, हे बिघडलं असतं, तर पोलादपूर तालुक्यात मला कुणी दारात उभं केलं नसतं. पोट भरून दाखवायची गोष्टच सोडा. आणि तुम्ही कधीच आला नसता.

गौतमी दुकान बंद करून माझ्याबरोबर आली. सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, अख्खं गाव. एका बाजूला गावकर, एका बाजूला आधीच येऊन पोचलेले मुंबईकर. जानूकाका मध्ये, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "चूक माझी आहे. देवीची नाही, मंगेशकाकांची नाही. आता तुम्ही सांगा, मी लावते. इथेच, सगळ्यांच्या समोर."

पहिलं घर सकपाळ. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. जानूकाकांनी मान हलवली. दुसरं घर मोरे, मंगेशकाकांच्या भावकीतलं, आणि तिथेच पेटलं. मोऱ्यांचा थोरला भाऊ मुंबईला, धाकटा गावात. थोरल्याचं दार बंद असतं म्हणून पालखी बहुतेक वेळा आधी धाकट्याकडे जाते, ते थोरल्याला सलतं. हे भांडण माझ्या पानामुळे झालेलं नव्हतं, बाबा. ते फार जुनं. दर शिमग्याला मुंबईहून एक फोन यायचा, गावातून एक जायचा, आणि जो शेवटी बोलेल त्याचं व्हायचं. दोन्हीकडचे उठून उभे राहिले. मला वाटलं, आता माझा लॅपटॉप जातो.

तेवढ्यात गुरवाची बायको ठकूबाई, तेलाची वाटी हातात घेऊन पलीकडे बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "थोरला मुंबैस गेला म्हनून दार कुटं गेलं? दार हितंच हाय. आदी थोरल्याचं दार, मग धाकट्याचं. दार बंद असंल तर पालखी अंगनात नाचंल, घर थोडंच पळतंय?"

दोन्हीकडचे पुन्हा खाली बसले. मग धाकटे मोरेच म्हणाले, "लिव तसं." मी लिहिलं. पुढची नावं झपाझप आली, कुठे एखादी कुरबुर, कुठे हसू. एकेक घर लावलं की मुंबईच्या फोनवर ते तिथल्या तिथे दिसत होतं, आता कुणी फोन करून पुढे-मागे करील ही सोय राहिली नव्हती. जानूकाकांनी स्वतःचं नाव सगळ्यांत वर बघितलं, मोबाइल लांब धरून, डोळे बारीक करून. म्हणाले, "अक्षार मोटं कर जरा." मी केलं. मग त्यांनी काठीने खूण केली, "उठवा."

ढोल वाजला तेव्हा गौतमीने माझा हात इतका दाबला, की बांगडी वाकली.

बटण ठकूबाईंच्या हाती दिलंय. त्या पालखीबरोबर शेवटच्या घरापर्यंत जातातच. एक हात ओटीच्या टोपलीला, एक मोबाइलवर. आंबेकोंडचाच एक मोरे मुंबईहून येताना वीर रेल्वे स्टेशनवर उतरला आणि रिक्षात बसून पान बघत आला. आपल्या दारात पोचला तेव्हा पालखी शेजारच्या अंगणात नाचत होती. खांद्यावर घ्यायला तो असा धावला, की बूट रिक्षातच गेले. रिक्षावाल्याने ते दुसऱ्या दिवशी दुकानात आणून दिले, मालक कुठे भेटेल ते पानावर बघून सांगा म्हणून.

आणि आता गंमत ऐका. भांडण झालं म्हणूनच आंबेकोंडचं पान सगळ्या तालुक्याने उघडून बघितलं. मजा बघायला आले आणि बघता बघता आपल्या गावाचंही असं हवं, असं वाटलं असणार. या आठवड्यात रोज कुणीतरी दुकानात येतंय. सगळ्यांचं वाक्य तेच, "आमच्या गावाचं पन करशील काय गो? पन आमचं बरोबर लाव."

एवढं आनंदाचं. आता दुसरं.

मंगळवारी आपली काळकाई आपल्या दारी आली. आईने सडा घातला, ओटी भरली. गावकरांनी विचारलं, "घरधनी?" आई म्हणाली, "कामात हायत." पालखी आपल्या अंगणात नाचली आणि खांदा द्यायला आपल्या घरातलं कुणी नव्हतं. मी मागीलदारी जाऊन रडले, बाबा. अख्ख्या आंबेकोंडाला मी पालखी गाठून दिली आणि माझ्या घरच्या माणसाला नाही.

तुम्ही त्या दिवशी खोलीत काय करत होतात?

माधुरी


महाड
७ सप्टेंबर २०२५

बाबा,

बढाई मारायला लिहितेय. तुम्हाला नको असेल तर सुधीरकाकांकडे द्या, त्यांना आवडेल.

पोलादपूरच्या डोंगरावरची गावं झाली, महाडची निम्मीअधिक होत आली, आणि गेल्या महिन्यात कशेडी घाटाच्या पलीकडून, खेडकडून, दोन मंडळांचे लोक गाडी करून आले. नुसत्या पालखीवर आता भागत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला कुणी काय दिलं ते पानावर हवं, गणपतीतल्या नाचाची पाळी कधी कुणाकडे ते हवं, मुंबईच्या मैदानातल्या गावागावांच्या क्रिकेटचा निकाल हवा. कारखान्यात मिळायचं त्याहून बरंच जास्त घरी येतं. आकडा लिहीत नाही, खोलीत वाचून दाखवण्यासारखा नाही. गौतमीने झेरॉक्सच्या पाटीवर खाली एक ओळ रंगवून घेतली, "गावांच्या वेबसाइट बनवून मिळतील." आता ती माझी भागीदार आहे आणि कशाची बाई हे पुन्हा विचारत नाही.

परवा ते दातांचे डॉक्टर आले. भाच्याने केलेली वेबसाइट बंद पडली आणि भाचा पुण्याला गेला. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि म्हटलं, डॉक्टर, मी फक्त गावांची कामं करते. त्यांना ते खरं वाटेना. मला म्हणाले, "समोरून आलेलं काम नाकारता?" मी हो म्हटलं. बाबा, त्या एका 'हो'साठी मी वर्षभर एसटीतून उभ्याने गेले असते तरी चाललं असतं.

कामाचा नियमही बसवलाय. घरांचा मान मी फोनवर लिहून घेत नाही. गावकरांतर्फे अध्यक्ष, मुंबईकरांतर्फे सचिव, दोघांनी सहाणेवर समोरासमोर बसायचं. कुणाचा भाऊ, कुणाचा मेव्हणा असा बदली माणूस चालत नाही. काहींना हा माज वाटतो. पण जे बसले त्यांच्यातली निम्मी भांडणं मी पान उघडायच्या आत मिटली.

आपल्या मंडळाच्या सभेत हा विषय निघाला आणि तुम्ही सचिव म्हणून उठून "आपल्या गावाला असलं काय नको" म्हणालात, तेही कळलं. मला भयंकर राग आला. दोन दिवस आईशीही धड बोलले नाही. मग आईच म्हणाली, "ते तुझ्या कामास्नी नाय म्हनालं नायत. सोताच्या बोलन्यात अडकल्यात." असेल. पण मी तुम्हाला या म्हणणार नाही. सोता येईन, असं तुम्ही म्हणाला होतात.

माधुरी


खडककोंड, ता. पोलादपूर
१ फेब्रुवारी २०२६

मा. सचिव,
खडककोंड ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांस,

आपलं पत्र मिळालं. मंडळाच्या छापील कागदावर आहे, वर काळकाईचं चित्र, खाली आपली सही. "आपल्या संस्थेकडून आमच्या गावाची वेबसाइट करून घेण्याचे सभेत ठरले आहे, तरी दर कळवावा." मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. आईला वाचून दाखवलं, तर ती चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत ऐकत राहिली. मग गौतमीला फोन लावला आणि तिने दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं.

सभेत काय झालं ते सुधीरकाकांनी आईला कळवलंय, तेव्हा सचिवांनी लपवू नये. साहेबांचं मूळ गाव महाड तालुक्यातलं, हे मला पान करताना माहीत नव्हतं. साहेब मोबाइल घेऊन कँटीनमध्ये आले, सगळ्यांसमोर म्हणाले, "नाथू, आमच्या गावाचं हे काम करणारी पार्टे तुझीच मुलगी का?" आणि सचिव म्हणाले, "व्हय, माझीच." दुसऱ्याच रविवारी सचिव सभेत उठले आणि म्हणाले, "माझ्या पोरीकडं द्या. पैकं मातर दुसऱ्यासारखंच द्या."

सचिवांना माझी एक विनंती. साहेबांना सांगावं, की त्यांचं घर त्यांच्या गावात मानाने बरंच खाली येतं. मी ते जिथे आहे तिथेच ठेवलंय.

दर सगळ्या गावांना एकच आहे, यादी सोबत जोडली आहे. सचिवाची मुलगी म्हणून सूट मिळणार नाही, सचिवांनीच तसं बजावलंय. काम होळीच्या आधी पुरं करून देईन. होळी दोन मार्चला आहे. त्याआधीच्या कुठल्याही रविवारी आपल्या सहाणेवर बसू. गावकरांतर्फे अध्यक्ष तयार आहेत. मुंबईकरांतर्फे सचिवांनी स्वतः यावं लागतं. आपण सुधीरकाकांना पाठवाल अशी मला शंका आहे, म्हणून आधीच लिहिते. चालणार नाही.

आता बाबा, हे खालचं तुम्हाला. खोलीत वाचू नका.

तुम्ही शब्द मोडायला तयार नाही, हे मी या सगळ्या पत्रांत कधी विसरले नाही. तुम्ही शब्द मोडून यावं, असं मला एकदाही वाटलं नाही. खोटा पडलेला बाप मला नको होता. पोट भरेल त्या दिवशी येईन म्हणाला होतात. माझं भरलं, आईचं भरलं, गौतमीच्या घरचंही भरतं. त्या डब्ब्यावरच भरलं. माझ्याकडून बाकी काही राहिलेलं नाही.

तुम्ही कळवाल त्या रविवारी सकाळी मी पोलादपूरच्या स्टँडवर उभी असेन. सहाणेवर आधी बसायचं नाही, आधी घरी चलायचं. तुम्ही उंबरा चढाल तेव्हा तुमचा शब्द पुरा झालेला असेल, बाबा. तो मी पुरा केला.

तुमची
माधुरी नाथू पार्टे